पडलेले दान आणि खेळलेली चाल

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय काहींना हलका वाटेल. विषय आहे फासे आणि दैव. परंतु "फासे उलटे पडले", "मनासारखे दान पडले नाही", हे आपण परीक्षेच्या निकालावरही बोलतो आणि नोकरीच्या मुलाखतीवरही. सोंगट्या घराघरांतून गेल्या. त्यांची भाषा मात्र आपल्या तोंडी राहिली. म्हणून तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

सारीपाटाचे फासे लांबट, चार बाजूंचे. पचिसीत फाशांऐवजी कवड्या. पचिसीचेच साहेबी रूप म्हणजे १८९६ साली इंग्लंडमध्ये नोंदविला गेलेला लुडो. परदेशातील बॅकगॅमन हाही ह्याच जातीचा खेळ. प्रत्येकी १५ सोंगट्या, २४ घरे आणि दोन फासे. ह्या सर्व खेळांत एक क्रूर क्षण येतो. सोंगटी पिकायला आलेली असते आणि नेमके नको ते दान समोरच्याला पडते.

बॅकगॅमनमध्ये दोन्ही फासे सारखे पडले तर चार चाली मिळतात. तुमची एकटी सोंगटी समोरच्यापासून १२ घरे दूर असली आणि मधली घरे मोकळी असली, तरी तिला मारणारी दाने ३६ पैकी ३ च : दोन तिऱ्या, दोन चौके किंवा दोन छक्के. म्हणजे १२ वेळांत सरासरी एकदा. ते दान पडले की खेळणारा कपाळाला हात लावतो. वास्तविक ते कधीतरी पडणारच होते. ते अकरा वेळा चुकते, तेव्हा मात्र दैवाचे आभार कोणी मानीत नाही!

विद्यार्थी मित्रांनी एक प्रयोग करून पाहावा. ६० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने सहा बाजूंचा फासा १० वेळा टाकावा. सुमारे १० मुलांना एकदाही सहा पडणार नाही. त्या मुलांनी कोणते पाप केले? काहीही नाही. फाशाला मागचे स्मरण नसते, आणि टाकणारा कोण आहे हेही त्याला ठाऊक नसते. १६५४ साली पास्कल आणि फर्मा ह्या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट मोडलेल्या डावातील पैसे कसे वाटावेत, ह्या प्रश्नावर एकमेकांना पत्रे लिहिली. त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. ज्याला लोक दैव म्हणत होते, ते मोजता येऊ लागले.

तथागतांनी त्याच्याही कितीतरी आधी ह्या प्रश्नाला हात घातला होता. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मानेच ठरलेले असते, हे मत त्यांनी खोडून काढल्याचे अंगुत्तर निकायात नमूद आहे. कारण तसे मानले तर काय करावे आणि काय करू नये, ह्या विचारालाच अर्थ उरत नाही. तेव्हा वाईट दान ही शिक्षा नव्हे, आणि चांगले दान हे बक्षीस नव्हे.

मग खेळणाऱ्याच्या हाती काय उरते? चाल उरते. तेच दान दोघांना पडले तरी एक जण सोंगटी उघडी टाकतो, दुसरा जोडी बांधतो. आणि चालीच्याही आधी येतो तो पण. आपल्या त्रिरश्मी लेण्यांना लोक अजून पांडवलेणी म्हणतात. वस्तुतः ती बौद्ध लेणी आहेत. पण महाभारतातील त्या पांडवांचा घात निव्वळ फाशाने केला काय? राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लावणारा हात माणसाचाच होता. सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत : जिंकणाऱ्याचा द्वेष होतो, हरणारा झुरतो, धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि कोणी मुलगी देत नाही. ह्यातील पहिला तोटा दान चांगले पडल्यावरचा आहे, हे ध्यानात घ्या. आज हा पट मोबाईलवर आला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. पण घरातला पगार पणाला लावायचा की नाही, हे अखेर घरातच ठरते.

बंधूंनो, सर्वांत कठोर दान जन्माचे. ते कोणी मागून घेत नाही. ह्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्यास, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी सांगितले की, कोणत्या धर्मात जन्मावे हे आपल्या हाती नव्हते, परंतु त्या धर्मात मरायचे नाही हे आपल्या हाती आहे. दान आणि चाल ह्यांतला फरक इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडला असेल. आणि ती चाल त्यांनी उतावीळपणे खेळली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, २१ वर्षे, अभ्यास केला, पर्याय तपासले, मगच पाऊल टाकले.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच : निकाल मनासारखा लागला नाही तर स्वतःला करंटे म्हणू नका, आणि पत्रिकाही काढू नका. आपल्या हातात काय नव्हते आणि काय होते, ह्याचे दोन रकाने कागदावर मांडा. पहिला रकाना वाचून सोडून द्या. दुसरा घेऊन उद्या सकाळी अभ्यासाला बसा.