कंबर आणि काम

शेतात राबणाऱ्या माणसाला विचारले, "काय दुखतंय?" तर त्याचा हात बहुधा कमरेवर जातो. "काम केलं की कंबर दुखायचीच," असे म्हणून आपण ते सोडून देतो. आम्हांला हे पुरते खरे वाटत नाही. कामाने अंग बळकट होते. काम करताना आपण अंग कसे ठेवतो आणि किती वेळ तसेच ठेवतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आधी कणा कसा असतो ते पाहू. कणा म्हणजे एक लांब हाड नव्हे. मानेपासून कमरेपर्यंत २४ मणके, गाडग्यांच्या उतरंडीसारखे, एकावर एक रचलेले असतात. त्यांतले ५ कमरेत. बहुतेक मणक्यांच्या मधे एक गादी असते, बाहेरून चिवट आणि आतून मऊ. तिच्यामुळे आपल्याला वाकता येते, वळता येते. रात्री निजल्यावर या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो! फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. तेव्हा उठल्याबरोबर वाकून जड ओझे उचलू नये. थोडे हिंडावे, मग उचलावे.

आता एक करून बघा. भरलेली कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरा. जड वाटेल, पण पेलेल. तीच कळशी हात लांब करून धरा. लगेच हात थरथरतील. कळशी तीच, पाणी तेच. वाढले ते फक्त अंतर. ओझे अंगापासून जितके लांब, तितका कमरेवर ताण जास्त. पहारीने धोंडा उचकटताना आपण पहारीचे लांब टोक हातात धरतो, ते याच कारणाने. वाकून ओझे उचलताना मात्र ते लांब टोक ओझ्याच्या हाती जाते.

हात रिकामे असले तरी हिशेब हाच. शरीराचे निम्म्याहून जास्त वजन कमरेच्या वर असते. गुडघे ताठ ठेवून वाकले की ते सगळे पुढे लोंबते, आणि पाठीचे स्नायू दोरासारखे ताणून त्याला धरून ठेवतात. भातलावणीत बाया चिखलात उभ्या राहून दिवसभर हेच करतात. मग रात्री कूस बदलताना "आई गं" म्हणावे लागते, यात नवल काय?

पोते उचलायचे तर त्याच्या अगदी जवळ जावे. पाय फाकवून गुडघ्यांत बसावे, पोते छातीशी घ्यावे आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. उचललेले पोते घेऊन कमरेत पिळू नये, पाय उचलून वळावे. पन्नास किलोचे पोते मात्र दोघांनीच उचलावे. एकट्याने उचलण्यात कसली मर्दुमकी?

डोक्यावरच्या हंड्याने पाठ सरळ राहते हे खरे, पण भार मानेवर येतो. चुंबळ हवीच. हंडा चढवताना आणि उतरवताना कोणाचा तरी हात लावून घ्यावा.

घरात केर काढताना आखूड केरसुणीने आपण सारे घर वाकून झाडतो. तिला हातभर लांब बांबूची काठी बांधली तर ताठ उभे राहून झाडता येते. शेतात सायकल कोळपे मिळाले तर ओळींमधले तण उभ्याने निघते.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ कमरेला लावून घेण्याची रीत आहे. साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच उतरते, आणि श्रेय पायाळूला मिळते! त्या दिवसांत अंथरूण धरून पडू नये, बेताने हिंडते-फिरते राहावे. पण कळ पायात उतरली, पाय बधिर झाला किंवा त्यातला जोर गेला, तर डॉक्टरला दाखवावे. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वाकून काम करण्याचा हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात भाजीपाल्याची मोठमोठी शेते आहेत. तेथे मजुरांना अगदी आखूड दांड्याची कुदळी देत. कमरेत वाकल्याशिवाय तिने काम होतच नसे. मालक म्हणत, रोपे विरळ करायला हीच बरी. शिवाय कोण वाकले आहे आणि कोण उभे आहे, हे मुकादमाला लांबूनच दिसे. मजुरांनी तक्रार केली. या अवजाराने पाठी कायमच्या बिघडतात, अशी साक्ष डॉक्टरांनी दिली. प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ साली ती कुदळी बंद झाली. लांब दांड्याने काम सुरू झाले. शेती काही बंद पडली नाही.

आपल्याकडे खुरपणीला एकेक बाई एकेक पात धरते. जिची पात मागे पडते तिला बोल बसतो. म्हणून कोणीच पाठ सरळ करीत नाही. आम्हांला वाटते, पात संपली की सगळ्यांनी एकदम उभे राहावे, हात कमरेवर ठेवून जरा मागे झुकावे, चार पावले टाकावीत आणि मग पुढची पात धरावी. पात फार लांब असेल तर अर्ध्यावरही उठावे. शेतमालकाशी हे सकाळी काम धरण्याआधीच बोलून घ्यावे. दुपारी पात मागे पडल्यावर सांगितले, तर त्याला तो कामचुकारपणा वाटतो.