समाजशास्त्राची पहिली वही



या शास्त्राविषयीं एक तक्रार नेहमी कानांवर येते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेंत जातो, वनस्पतिशास्त्राचा रानांत जातो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानें कोठें जावें? घर, लग्न, शेजार, बाजार हें सारें तर आपणांस ठाऊकच असतें. त्यांत शिकावयाचें तें काय? तक्रार अगदींच निराधार नाहीं. जें रोज डोळ्यांपुढें असतें तेंच दिसेनासें होतें, ही या शास्त्राची पहिली अडचण आहे. म्हणून आज मी ग्रंथांतील व्याख्या सांगत बसणार नाहीं. उदगीरसारख्या गांवचा विद्यार्थी आपल्या माजघरांत बसून या शास्त्राचा आरंभ कसा करूं शकेल, तेवढेंच सांगणार आहें.

उदगीरचेंच नांव कां, तें सांगतों. १७६० सालीं तेथें मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, हें शाळेंत सर्वांनीं वाचलेलें असतें; आपणांस आज इतिहासापेक्षां उदगीरचा शेजार अधिक उपयोगी आहे. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस राज्यांची पुनर्रचना झाली. बीदर म्हैसूर राज्यांत गेलें, उदगीर मुंबई राज्यांत आलें, आणि १९८२ पासून तें लातूर जिल्ह्यांत आहे. नकाशावर रेघ ओढली गेली, परंतु बोली आणि सोयरीक यांना अशी रेघ मानवत नाहीं. उदगीरच्या बाजारांत आजही मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चारही भाषा कानांवर पडतात.

आतां एक कोरी वही घ्या आणि तींत दोनच प्रश्न लिहा. बापाच्या बहिणीला तुमच्या घरीं काय म्हणतात ? आणि सून सासूला काय म्हणून हांक मारते ? मराठी घरांत पहिल्याचें उत्तर ‘आत्या’ असें येईल. दुसरा प्रश्न आजीला विचारा. जुन्या वळणाच्या घरांत सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत. हीच वही घेऊन कानडी शेजाऱ्यांकडे जा. तेथें आत्या आणि सासू या दोघींनाही ‘अत्ते’ हा एकच शब्द आहे. तेलुगु घरांत दोघीही ‘अत्त’. उर्दू बोलणाऱ्या घरांत मात्र ‘फुफी’ निराळी आणि ‘सास’ निराळी.

शब्दांची ही गांठ कोणीं बांधली ? भाच्यानें मामाची मुलगी करावी, ही आपल्याकडील जुनी रीत. असें लग्न झालें म्हणजे मुलीला सासू म्हणून आपली आत्याच लाभते. पुढें परक्या घरांत मुली जाऊं लागल्या, तरी हांक तीच राहिली. रीत विरते, शब्द मागें उरतो. आणि त्या शब्दावरून रीत ओळखतां येते.

डॉ. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथांत हाच मार्ग धरला आहे. प्रांतोप्रांतींचे नात्यांचे शब्द आणि विवाहाचे नियम त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडले. उत्तरेंत नात्यांतील लग्न वर्ज्य. दक्षिणेंत पुष्कळ जातींत मामाची, आत्याची, इतकेंच नव्हे तर थोरल्या बहिणीची मुलगीही चालते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्यें उभा आहे : पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाहीं. चुलत बहीण तर सख्ख्या बहिणीसारखीच. उलट मुसलमान घरांत चुलत्याच्या मुलीशीं विवाह हा घरोब्याचा आणि मानाचा समजतात.

येथें वही मिटून क्षणभर विचार करा. एकाच गल्लींत चार घरें आहेत. एकाला जें लग्न हौसेचें वाटतें, तें दुसऱ्याला ऐकवतही नाहीं. आणि प्रत्येकजण म्हणतो कीं, आमचेंच स्वाभाविक. चारही परस्परविरुद्ध गोष्टी निसर्गानें सांगितल्या असणें शक्य नाहीं. अर्थात् ज्याला आपण स्वभाव म्हणतों, तो समाजानें घालून दिलेला नियम आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यानें १८९५ सालीं अशा गोष्टींना ‘सामाजिक तथ्य’ असें नांव दिलें. तें व्यक्तीच्या बाहेर असतें आणि व्यक्तीवर दाब ठेवतें. नियम पाळीत असतां हा दाब जाणवत नाहीं. मोडूं पाहिला कीं तत्काळ जाणवतो.

आतां वहींत तिसरा प्रश्न लिहा : तुमच्या घरीं लग्न जातीबाहेर होतें काय ? विवाहाच्या नियमांचीं कुंपणें दोन असतात. इतक्या जवळचें नको, हें आंतलें कुंपण; शास्त्रांत त्याला बहिर्विवाह म्हणतात. इतक्या दूरचें नको, हें बाहेरचें, तो अंतर्विवाह. आंतलें कुंपण घरोघर निराळें असल्याचें आपण पाहिलें. कायद्यानेंही तेथें लवचिकपणा ठेवला आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें जवळच्या नात्यांतील विवाह निषिद्ध ठरविले, तरी जेथें तशी रूढी असेल तेथें तिला मोकळीक दिली. परंतु बाहेरच्या कुंपणापाशीं येतांच मराठी, कानडी, तेलुगु अशा सर्व घरांचें उत्तर बहुधा एकच येतें. पुष्कळ मुसलमान घरांतही ‘बिरादरी’ पाहिली जाते. भाषा बदलते, देव बदलतो, आत्येचा शब्द बदलतो. हें कुंपण बदलत नाहीं.

याच कुंपणावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत निबंध वाचला. तेव्हां ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थीच होते. जातीचें मर्म अंतर्विवाहांत आहे, असें त्यांनीं दाखविलें. हा नियम राहतो तोंवर जात राहते. आपण सुशिक्षित मंडळी पंक्तिभेद विसरलों, याचा अभिमान बाळगतों. पण घरांत लग्नाचा विषय निघाला कीं संगणकाच्या पडद्यावरही जातीचाच रकाना आधीं भरतों. आणि हें कुंपण ओलांडल्यावरून पोटच्या मुलीचा जीव घेतल्याच्या घटना आपल्या महाराष्ट्रांतही घडल्या आहेत. तेव्हां हा प्रश्न परीक्षेपुरता नाहीं.

विद्यार्थ्यांनीं येथें एक पथ्य पाळावें. वही घेऊन कोणाच्या दारीं जाल, तेव्हां न्यायाधीश होऊन जाऊं नका. शेजाऱ्याची रीत ऐकून नाक मुरडणाराला आपलीही रीत दिसत नाहीं. आधीं जसें आहे तसें टिपावें, मग कारण शोधावें. बरेंवाईट ठरविण्याची घाई करूं नये. कोणाशीं लग्न करावें, हें समाजशास्त्र सांगणार नाहीं. तें त्याचें काम नव्हे. तें एवढेंच करतें कीं, ‘हें असेंच चालत आलें आहे’ ही सबब आपल्या हातून काढून घेतें. जें माणसांनीं केलें, तें राखावयाचें कीं बदलावयाचें, याचें उत्तर माणसांनाच द्यावें लागतें.

आज घरीं गेल्यावर आजीपाशीं बसा, आणि तिनें आपल्या सासूला काय म्हणून हांक मारली, तें विचारा. तुमच्या वहीचें पहिलें पान तेथूनच सुरू होईल.