कनातीमागची बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी कोणीतरी सभासदाने चार शब्द बोलावे अशी आपली रीत आहे. यंदा पाळी माझी. विषय ऐकून काहींच्या भुवया वर चढतील, चढू द्या. मी बोलणार आहे तमाशातल्या बायांच्या छायाचित्रांविषयी.

श्री. संदेश भंडारे ह्यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे छायाचित्रांचे पुस्तक २००६ साली निघाले. फडांबरोबर हिंडून त्यांनी चित्रे काढली. २००८ साली सावित्री मेधातुल ह्यांनी लावणीवाल्या बायांवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. नाच पुढून तर सगळेच बघतात. ह्या दोघांनी कॅमेरा मागे नेला, त्याचे मला मोठे वाटते.

पुढे बसलेल्यांना शिट्ट्या, उडणारे फेटे नि बाईचा डोळा एवढेच दिसते. मागे काय असते? ट्रक उभा, कनात ताणलेली, पत्र्याच्या पेटीला टेकवलेला आरसा. एकीची वेणी दुसरी घालते आहे, तिसरी मुलाला पाजते आहे. नऊवारी आपणही नेसतो. पण नाचायची नऊवारी निराळी. कासोटा असा चापून घालायचा की गिरकीत रेसभर हलू नये. आणि ते चाळ! दोरीत ओवलेली शेकडो घुंगरे, दोन्ही पायांची मिळून काही किलो भरतात. खाली कापडाची पट्टी गुंडाळली नाही तर कातडी सोलून निघते. दळणाचा डबा पायाला बांधून कोणी आपल्याला रात्रभर नाचायला सांगितले तर? बांधण्याआधी बाई ते चाळ कपाळाला लावते. ज्यावर पोट चालते त्याला नमस्कार करायची रीत आपल्या घरांतही आहेच की.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ साली वारल्या. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली नि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. ऐकणारे वाहवा करतात. त्या रात्रीचे चित्र समोर असते तर वाहवा म्हणायला जीभ उचलली नसती.

पण असे चित्र कोणी काढावे का? इथेच माझे घोडे अडते. गेल्या यात्रेत आपल्याच गावच्या दोन पोरांनी कनात वर करून मोबाइलवर बायांचे चित्र घेतले नि गावभर फिरवले. त्या बाया कपडे बदलत होत्या. फडाच्या मालकाने तक्रार केली तर उलट उत्तर मिळाले, “नाचणाऱ्यांना कसली आली लाज!” बायांनो, हे बोलणाऱ्यात आपल्या घरचे पुरुष होते, आणि आपण ऐकून घेतले.

कनातीमागे पोरेही गेली नि चित्रकारही जातो. मग फरक कशात? माझ्या मते विचारण्यात. आधी विचारावे, फडात चार दिवस राहावे, चहा प्यावा, बाई नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवावा. नेसून झाल्यावर ती आरशात कुंकू लावते, चाळ बांधते, बोर्डाच्या पायरीशी वाकते; एवढी चित्रे पुष्कळ झाली. ऐन नाचात दिवा चमकवून तिचे डोळे दिपवू नयेत, पाय चुकतो.

आणखी एक. चित्राखाली नाव हवे. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, म्हणून त्यांचे नाव ठाऊक. बाकीच्यांच्या चित्रांखाली बहुतेक वेळा नुसते ‘लावणी नर्तिका’. लग्नाच्या फोटोत आपले नाव ‘एक बाई’ असे छापले तर चालेल का आपल्याला?

येत्या चैत्रात यात्रेला फड येईल. मंडळातर्फे माझ्या दोन सूचना आहेत. कनातीच्या मागच्या बाजूला आपल्यापैकी चौघींनी पाळीपाळीने बसावे. मी पहिल्या रात्री बसते. दुसरी, आपली सुनबाई-लेकी ज्या फोटो काढतात, त्यांनी बायांना विचारून काढावेत नि प्रती त्यांना पोचवाव्यात. फडाचा मुक्काम रोज बदलतो, तेव्हा पत्ता कोणता, असे कोणी विचारील. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसे सुपारी द्यायला जातात. आपल्या गावचे पंचही जातात. पाकीट त्यांच्या हाती द्यावे, वर बाईचे नाव लिहून.