टाके किती पडले?

बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायका बाळाचं नाक कुणावर गेलंय ते पाहून झालं, की आवाज खाली आणून हमखास विचारतात, "टाके किती पडले गं?" कुणी पाच सांगते, कुणी अकरा, आणि त्यावरून बाळंतपण किती जड गेलं याचा हिशेब मांडला जातो. खरं सांगायचं तर हा आकडा डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही. आतला थर आणि स्नायू आम्ही बहुतेक वेळा एकाच अखंड धाग्याने शिवतो, मग टाके मोजायचे कुठून? विचारायचंच असेल तर जखम किती खोल गेली होती ते विचारा.

आज या जखमेविषयीच बोलायचं आहे. घरात सगळे बसले असतील तर रेडिओचा आवाज कमी करू नका. नवऱ्याने आणि सासूबाईंनीही ऐकावं असंच हे आहे.

योनीमुख आणि गुदद्वार यांच्यामधली जागा बाळाचं डोकं बाहेर येताना ताणून अगदी पातळ होते. पहिलटकरणीत ती थोडीफार फाटतेच म्हणा ना. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज सांगतं, की पहिल्यांदा योनीमार्गे बाळंत होणाऱ्या दहापैकी नऊ जणींना ओरखडा, फाटणं किंवा कट, यांपैकी काहीतरी होतंच. या जखमेचे चार दर्जे मानतात. पहिल्यात नुसती कातडी, दुसऱ्यात खालचे स्नायू. तिसऱ्यात गुदद्वाराभोवतीचा गोल स्नायू फाटतो, ज्याच्या जोरावर आपण शौच आणि वायू रोखून धरतो. चौथ्यात आतड्याचं अस्तरही उघडं पडतं. पहिले दोन रोजचे. शेवटचे दोन मिळून ब्रिटनमध्ये शंभर पहिलटकरणींमागे सुमारे सहा.

आता कटाकडे या. वैद्यकात त्याला एपिझिओटॉमी म्हणतात. कात्रीने दिलेला कट कातडीबरोबर स्नायूही कापतो, म्हणजे त्याची सुरुवातच दुसऱ्या दर्जापासून होते. कट दिला नसता तर ती बाई कदाचित नुसत्या ओरखड्यावर निभावली असती.

मग "फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं" हे आलं कुठून? डब्लिनच्या फील्डिंग ऊल्ड यांनी १७४२ मध्ये असा छेद सुचवला होता, पण तो अडलेल्या बाळंतपणापुरता. १९२० मध्ये शिकागोचे नामांकित डॉक्टर जोसेफ डीली यांनी आधीच कट द्यावा आणि चिमटा लावून बाळ काढावं असा आग्रह धरला. त्यांच्या मताचं वजन इतकं, की पुढची काही दशकं कट ही प्रसूतिगृहातली सवयच होऊन बसली. सरळ रेघेतली जखम शिवायला सोपी असते हे खरं आहे. पण ती सोय शिवणाऱ्याची झाली.

अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी ही सवय तपासून पाहिली. अडीच हजारांहून अधिक बायकांपैकी काहींना सरसकट कट दिला, काहींना गरज असेल तरच. १९९३ मध्ये निकाल छापून आला. गरजेपुरता कट दिलेल्या बायकांना टाके कमी लागले, दुखणं कमी झालं, जखम भरतानाच्या तक्रारीही कमी. मोठ्या फाटण्यापासून सरसकट कटाने काही बचाव झाला नव्हता. उलट बाजूही सांगते, गरजेपुरत्या कटाच्या गटात पुढच्या बाजूला लहान चिरा थोड्या जास्त पडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात सरसकट किंवा सढळ हाताने कट देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

याचा अर्थ कट वाईटच, असा मात्र काढू नका. बाळाचे ठोके घसरले आहेत आणि त्याला लवकर बाहेर काढायचं आहे, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागतो आहे, खांदा अडकला आहे आणि हात घालायला जागा हवी आहे, अशा वेळी कट द्यावा लागू शकतो. तो तिरका हवा, मधल्या रेषेपासून साठ अंशांच्या आसपास. सरळ खाली दिला तर कापडवाल्याने खाच देऊन टराटरा कापड फाडावं तशी जखम गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत धावू शकते. आणि कट देताना व शिवताना दोन्ही वेळा जागा बधिर केलेली हवी, बाईला दोन शब्दांत का होईना आधी सांगितलेलं हवं. गर्दीच्या लेबर रूममध्ये हे राहून जातं. गर्दी हे त्याचं कारण असेल, सबब नाही.

फाटणं कमी करण्यासाठी तुमच्या हातातही थोडं आहे. पहिलं बाळंतपण असेल तर चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून स्वच्छ हातांनी, तेल लावून त्या जागेचा हलका मसाज करता येतो. पद्धत डॉक्टर किंवा सिस्टरकडून शिकून घ्या. कळा देताना कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाचा शेक दिला तर मोठं फाटणं कमी होतं. आणि डोकं दिसायला लागलं की "जोर लाव, जोर लाव" हा गजर थांबायला हवा. तेव्हा तोंडाने लहान लहान श्वास घेत डोकं हळू येऊ द्यायचं.

बाळ झाल्यावर डॉक्टर गुदद्वारात बोट घालून तपासतात, त्याने बायका दचकतात. पण तिसऱ्या दर्जाचं फाटणं नजरेतून सुटू नये म्हणूनच ही तपासणी असते, ती करू द्या.

आता घरी आल्यावरचं. पहिले दोन-तीन दिवस ठणका जास्त असतो. पहिल्या दिवशी रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा, बर्फ थेट कातडीवर नको. पॅरासिटामॉल अंगावर पाजतानाही चालते, म्हणून सोसत बसू नका. लघवीला जळजळलं तर लघवी करतानाच वरून कोमट पाणी ओता. धुताना पुढून मागे, मग टिपून कोरडं. पॅड चार तासांनी बदला. मांडी घालून बसल्यावर ताण येत असेल तर कुशीवर आडवं होऊन पाजा. टाके विरघळणारे असतात, धाग्याचे तुकडे पॅडवर दिसले तर घाबरू नका. धुण्याच्या पाण्यात डेटॉल मात्र घालू नका, जखम चुरचुरते आणि फायदा शून्य.

सगळ्यात मोठा शत्रू बद्धकोष्ठ. इथे मला आपल्या घरांशी थोडं भांडायचं आहे. बाळंतिणीला पाणी कमी, पालेभाजी बंद, फळ नको, आणि वर डिंकाचे लाडू. लाडवांवर माझा राग नाही, खुशाल खा. अळिवाची खीरही खा. पण पाणी तोडलं की शौच खड्यासारखं होतं, टाक्यांच्या भीतीने बाई ते दाबून धरते आणि ते आणखी घट्ट होतं. तेव्हा तांब्या हाताशी ठेवा, पालेभाजी, पपई, भिजवलेले मनुके चालू ठेवा. जरूर पडली तर इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध घ्या. शौचाला बसताना स्वच्छ पॅड टाक्यांवर हलकं दाबून धरलं की धीर येतो. शेक-शेगडीचंही तसंच. पाठीला, कमरेला शेक द्या, पण बाजेखाली निखारे ठेवून टाक्यांना धुरी नको. ती जागा नाजूक असते, भाजलेलं उशिरा कळतं.

दुखणं सोसवेल इतकं कमी झालं की व्यायाम सुरू करा. वायू रोखतो तसं आत आवळून पाच अंक मोजायचे आणि सोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पडल्या पडल्या, पाजताना, कधीही.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, ताप आला, घाण वास किंवा पू आला, टाके उसवले, लघवी अडली, तर त्याच दिवशी दाखवा. एका तासात पॅड भिजत असेल तर तासभरही थांबू नका. बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येणाऱ्या आशाताईंना बाळाच्या वजनाबरोबर आपलं दुखणंही सांगा.

एक तक्रार मात्र बायका आईलाही सांगत नाहीत. वायू आवरत नाही, घाईची लागली तर शौच थांबत नाही. "बाळंतपणानंतर व्हायचंच" म्हणून वर्षानुवर्षं काढतात. तसं नाही, हे त्या गोल स्नायूचं दुखणं असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. तिसऱ्या-चौथ्या दर्जाचं फाटणं नीट शिवलं तर वर्षभरानंतर शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना काहीच त्रास उरत नाही.

शरीरसंबंध कधी, याला ठरलेली तारीख नाही. जखम भरलेली हवी, साधारण सहा आठवडे, आणि बाईची इच्छा हवी. अंगावर पाजताना कोरडेपणा येतो, त्यासाठी वंगण जेली मिळते. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, म्हणून सहाव्या आठवड्याच्या तपासणीतच गर्भनिरोधनाचं विचारून घ्या.

पुढच्या खेपेला पुन्हा कट लागेलच असं नाही, बऱ्याच जणींना लागत नाही. पण आधी तिसऱ्या किंवा चौथ्या दर्जाचं फाटणं झालं असेल, तर पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. बाळंतपण योनीमार्गे की सिझेरियनने, हे तेव्हा शांतपणे बसून ठरवता येतं. त्यासाठी या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर फाटण्याचा दर्जा लिहून मागा आणि ते कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा.