चौदा घरांची अडचण

संगणकाच्या स्मृतीचें नांव काढलें कीं हा विषय आपल्या आटोक्याबाहेरचा, असें पुष्कळांस वाटतें. आज मी जें सांगणार आहें, त्यास मात्र ४ नें भाग जातो कीं नाहीं, एवढेंच गणित लागतें.

आपल्या घरीं भिंतीवर जो राऊटर टांगलेला असतो, त्याच्या पोटांत एक लहानसा प्रोसेसर असतो, व त्यावर पुष्कळदां लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. तारेवरून आलेला मजकूर उतरवून घेऊन स्मृतींत ठेवण्याचें काम ज्या प्रोग्रॅमकडे असतें, त्यास डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. हा मजकूर त्यानें कोणत्या घरापासून मांडावा, एवढ्याशा गोष्टीवर कधीं कधीं सारें यंत्र अडतें.

स्मृति म्हणजे ओळीनें क्रमांक घातलेलीं घरें. पहिल्याचा क्रमांक ०. एका घरांत एक बाइट मावतो. चार बाइटांची संख्या असेल तर तिचा आरंभ ०, ४, ८, १२ अशा चारांच्या पटीच्या घरापासून व्हावा, असा संकेत आहे. यालाच अलाइनमेंट म्हणतात. हा संकेत हौसेचा नव्हे. प्रोसेसर एकेक घर उचलीत नाहीं. आपल्या उदाहरणापुरतें असें समजा कीं, तो चार घरांची एक फळी एका खेपेस उचलतो. मग एकच संख्या दोन फळ्यांवर अर्धी अर्धी पडली तर काय करावें? याविषयीं निरनिराळ्या प्रोसेसरांचे स्वभाव निरनिराळे आहेत.

इंटेलचा ३८६ आणि त्याचे वंशज साध्या वाचनाच्या बाबतींत सोशीक. ते निमूटपणें दोन खेपा घालतात. स्पार्क, अल्फा, मिप्स हे कडक शिस्तीचे; ते साध्या वाचनाची आज्ञा अर्ध्यावर सोडून कार्यप्रणालीकडे तक्रार नेतात. तिसरा स्वभाव एआरएम जातीच्या जुन्या, म्हणजे पांचव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांचा. समजा, पहिल्या फळीवर क, ख, ग, घ हीं अक्षरें आहेत व दुसरीवर च, छ, ज, झ. ‘ग पासून चार अक्षरें वाच,’ अशी आज्ञा झाली. उत्तर ग, घ, च, छ असें यावयास हवें. तपासणी बंद ठेवली असतां हा प्रोसेसर पहिलीच फळी घेतो, ती फिरवितो, आणि ग, घ, क, ख असें उत्तर देतो. तक्रार नाहीं, थांबणें नाहीं, कोठें नोंद नाहीं! पाटीवर बेरीज सुबक मांडून उत्तर भलतेंच लिहिणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. अडून बसणारा विद्यार्थी त्यांच्यापेक्षां शिकविण्यास सोपा, हा माझा अनुभव. यंत्रांविषयींहि माझें मत तेंच आहे.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ मध्यें लिनक्स सुरू केलें तें ३८६ वर, म्हणजे सोशीक यंत्रावर. मार्च १९९५ च्या १.२ या आवृत्तीनें तें अल्फा, स्पार्क व मिप्स यांवरहि नेलें. एका यंत्रावर बिनतक्रार चालणारा ड्रायव्हर दुसऱ्यावर कां कोसळतो, याचें मूळ येथें आहे. एरवीं सी भाषेचा कंपायलर संख्या नीट पटीवर बसवितो, लागल्यास मध्यें रिकामीं घरें सोडतो. परंतु ‘अमुक घरापासून चार बाइटांची संख्या आहे असें समज,’ असें लिहिणाऱ्यानें दरडावून सांगितलें, कीं तो बिचारा विश्वास ठेवतो.

आतां आपल्या राऊटरकडे वळूं. इथरनेटच्या प्रत्येक मजकुराच्या आरंभीं ६ बाइट घेणाऱ्या कार्डाचा पत्ता, ६ बाइट पाठविणाऱ्याचा, आणि आंत काय आहे हें सांगणारे २, एकूण १४. त्यापुढें इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीचें शीर्षक लागतें. त्यांत पाठविणाऱ्याचा इंटरनेट-पत्ता १२ बाइटांनंतर व घेणाऱ्याचा १६ बाइटांनंतर येतो. ड्रायव्हरनें मजकूर शून्यापासून मांडला, तर हे पत्ते २६ व ३० या घरांवर पडतात. एकासहि ४ नें भाग जात नाहीं!

तोड मोठी गमतीची आहे. आरंभीं दोन घरें रिकामीं सोडावयाचीं. चौदाचे सोळा झाले, पत्ते २८ व ३२ वर आले, आणि काम भागलें. लिनक्समध्यें या दोन घरांस ‘नेट-आयपी-अलाइन’ असें नांवच आहे.

तथापि कांहीं कार्डें मजकूर परस्पर स्मृतींत लिहितात, आणि तीं स्वतःच चारांच्या पटीचा हट्ट धरतात; दोन घरें सोडून लिहा म्हटलें तर ऐकत नाहींत. येथें खरा पेंच आहे. सगळा मजकूर उचलून दोन घरें पुढें नकलावा, तर प्रत्येक पाकिटामागें वेळ जातो, व वेग हाच तर राऊटरचा धर्म. दुसरा उपाय, त्या संख्या तुकड्यातुकड्यानें वाचून जोडण्याचा. त्यासाठीं लिनक्समध्यें ‘गेट-अनअलाइन्ड’ ही सोय आहे. राऊटरांसाठीं तयार होणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सांत, अशाच कार्डांच्या मिप्स यंत्रांकरितां, शीर्षकांच्या रचनांवरच ‘हीं दोनांच्याच पटीवर आहेत’ अशी खूण घातली गेली, म्हणजे कंपायलर आपणच जपून वाचतो. वरकरणी ओबडधोबड, पण मला हा उपाय प्रामाणिक वाटतो.

तिसरा मार्ग, प्रोसेसरनें तक्रार केल्यावर कार्यप्रणालीनें मध्यें पडून वाचून देण्याचा. त्यानें यंत्र चालतें खरें, पण एका आज्ञेच्या जागीं कितीतरी आज्ञा खर्ची पडतात, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यास आपल्या चुकीची वार्ताहि लागत नाहीं. एआरएमवरील ३२ बिटी लिनक्स मात्र अशा प्रसंगांची मोजदाद ठेवतें. ‘प्रॉक’ या विभागांतील ‘सीपीयू’ खालच्या ‘अलाइनमेंट’ नांवाच्या फायलींत ती वाचतां येते. त्यांतील ‘सिस्टिम’ पुढचा आंकडा राऊटरवरून रहदारी चालू असतांना भराभर वाढत असेल, तर ड्रायव्हरमध्यें प्रथम तीं दोन रिकामीं घरें सोडलीं आहेत कीं नाहींत, तें पाहावें.