श्वास अपुरा पडतो तेव्हा



कर्करोगाच्या रोग्याला धाप लागली की घरची मंडळी आपल्या ट्रस्टकडे ऑक्सिजनचे यंत्र मागावयास येतात. ते योग्यच आहे. पण प्राणवायू हे प्रत्येक धापेवरचे औषध नव्हे. रक्तातील प्राणवायू कमी असेल, तर त्याचा खरा उपयोग. तो पुरेसा असूनही जीव घाबरा होत असेल, तर उशांना टेकवून बसविणे, चेहऱ्यावर पंख्याचा वारा आणि डॉक्टरांनी ठरविलेली मॉर्फिनची अल्प मात्रा यांनी आराम पडतो. मॉर्फिनच्या नावाने भिऊ नये. योग्य मात्रेत ते श्वास थांबवीत नाही, तगमग शमविते.

घरगुती यंत्र बहुधा मिनिटाला 5 लिटर प्राणवायू देते. इस्पितळातील हाय-फ्लो यंत्र ऊबदार, दमट हवा नाकावाटे मिनिटाला 60 लिटरपर्यंत सोडते. रोग्याला बोलता येते. बायपॅपचा घट्ट मुखवटा दाबाने श्वासाला हातभार लावतो, पण तो सर्वांना सोसत नाही. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. बहुधा गुंगी द्यावी लागते आणि बोलणे बंद होते.

यांतून निवड करताना प्रथम पाहावे, धाप कशाने लागली? न्युमोनिया, छातीत साठलेले पाणी, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी यांवर इलाज आहेत. तोवर यंत्राचा आधार घेणे सार्थ आहे. पण रोगानेच फुफ्फुसे व्यापली असतील आणि त्यावरचे उपचार संपले असतील, तर व्हेंटिलेटर रोग हटवीत नाही. बहुधा अखेरचा काळच लांबवितो.

हा निर्णय पुष्कळदा मध्यरात्री, इस्पितळाच्या दारात घ्यावा लागतो. मुलगा एक म्हणतो, भाऊ दुसरे. आणि ज्याचा श्वास आहे, त्याला कोणी विचारलेलेच नसते! म्हणून त्याला शांतपणे बोलता येते तेव्हाच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अशा पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली. 2023 साली त्याची रीतही सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन.

यंत्र देताना ते देवापुढच्या दिव्यापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा, असे आपण बजावतोच. त्याबरोबर एवढेही विचारीत जावे: ‘रोग्याची इच्छा काय, ते विचारले का?’