सुरी बरी की वीज?

मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. असा माणूस आज शस्त्रक्रियेवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला थोडी काळजी वाटेल. पण हा विषय माझ्याकडे घरातून आला आहे.

माझे चाचा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर कामाला होते. उतारवयात त्यांना जांघेत हर्निया झाला. एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, कागदावर सही झाली. आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "इथे सुरीने नाही, करंटने कापतात." चाचा त्याच संध्याकाळी घरी परतले. मला म्हणाले, "कापतात ते ठीक आहे रे, पण जाळतात कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी सही घेतली, त्यांनीही ते दिलं नव्हतं. दीड वर्षाने एका रात्री हर्नियात आतडं अडकलं. धावतपळत न्यावं लागलं, आतड्याचा तुकडा काढावा लागला. चाचा वाचले, पण हाल व्हायचे ते झालेच.

त्यांची भीती मात्र खुळी नव्हती. 'दुखणं हल्याला नि डाग पखालीला' ही म्हण आपल्याकडे उगाच आली नाही. डाग देणं हा इलाजच होता. सुश्रुतसंहितेत अग्निकर्म आहे. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ अल-झहरावी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्या ग्रंथातला शस्त्रक्रियेचा भाग सुरू होतो तोच डागण्यांपासून. तापलेल्या सळईची ही आठवण माणसाच्या मनातून सहज जात नाही.

पुढे माझ्यावरच तीच पाळी आली. तोच हर्निया. जणू घरची इस्टेट! या वेळी मी परळच्या एका सर्जनना सरळ विचारलं, "डॉक्टरसाहेब, सुरी की वीज?" ते हसले आणि समोर बसवून त्यांनी समजावलं.

या यंत्राला कॉटरी म्हणतात. त्याचं टोक सळईसारखं तापवलेलं नसतं. त्यातून जाणारा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो. इतक्या वेगामुळे घरातल्या विजेसारखा झटका बसत नाही. टोकाजवळच्या पेशींतलं पाणी क्षणात तापून वाफ होतं आणि तेवढीच जागा दुभंगते. प्रवाह तुटक सोडला की बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होतात. मांडीला चिकटवलेल्या रुंद पट्टीतून वीज परत यंत्रात जाते.

बोवी नावाच्या अमेरिकन संशोधकाचं असं यंत्र हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जननी १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनला वापरलं. रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागलेली गाठ त्यांनी त्याच्या मदतीने काढली. आपलं परळचं केईएमही १९२६ चंच.

मग कातडीवर काय वापरावं? विजेने कातडी भाजेल, जखम चिघळेल, वण वाईट दिसेल, या शंकेने अनेक सर्जन पहिला चिरा पात्याने घेतात आणि आत कॉटरी वापरतात. ही शंका तपासून पाहिली गेली आहे. पोटावरच्या मोठ्या चिऱ्यांबद्दलच्या सोळा चाचण्या, २,७६९ रुग्ण, यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केला. जखम चिघळण्यात दोन्हींमध्ये ठळक फरक दिसला नाही. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. काही चाचण्यांत विजेने काम थोडं लवकर झालं, रक्त थोडं कमी गेलं. म्हणजे सुरीवाला आणि वीजवाला, दोघेही आपापल्या जागी बरोबर.

काही गोष्टी मात्र पेशंटने सांगायलाच हव्यात. छातीत पेसमेकर असेल, शरीरात धातूची पट्टी असेल, तर ते लपवू नये. अंगठी, बांगडी काढून ठेवावी. डॉक्टरही कातडीला लावलेलं स्पिरिट पूर्ण सुकल्याशिवाय वीज लावत नाहीत, कारण ते पेट घेऊ शकतं.

कमरेत इंजेक्शन देऊन माझा खालचा भाग बधिर केला होता. मी जागा होतो. पहिला चिरा पात्याने झाला म्हणे, मला कळलाही नाही. मग यंत्राचा बारीक सूर आणि केस जळाल्यासारखा वास. काहीच सांगितलेलं नसतं, तर मी त्या टेबलावरून उठून पळायची धडपड केली असती. पण त्या वासाचा अर्थ मला ठाऊक होता. सर्जन म्हणाले, "हा धूर तुमच्यापेक्षा आम्हालाच जास्त त्रास देतो. आम्ही रोज घेतो ना!" शेजारी तो ओढून घेणारी नळी चालू होती.

आज वण बोटभर आहे. चाचांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांना सगळं समजावलं, पाणी, वाफ, पट्टी. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच होतं? मग तेव्हा कुणी सांगितलं का नाही?"

श्रोतेहो, पातं आणि वीज यांत फार फरक नाही, असं चाचण्या सांगतात. सांगून केलेलं आणि न सांगता केलेलं ऑपरेशन यांत केवढा फरक आहे, ते माझ्या चाचांना विचारा. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा. आणि डॉक्टरसाहेब, दोन मिनिटं काढून उत्तर द्या.